चोवीस पुंगळ्या

घरात बंदूक होती असं सांगितलं की ऐकणाऱ्याला लगेच शिकार हवी असते. माळा, काळोख, डुकराचे चमकणारे डोळे आणि एक बार. आमच्या घरी माझ्या जन्माच्या आधीपासून बंदूक आहे, आणि तरी शिकारीबद्दल सांगावं असं माझ्याजवळ फार काही नाही. माझ्या वाट्याला आल्या त्या बंदुकीतून उडून झालेल्या रिकाम्या पुंगळ्या. त्या धुवायच्या, घासायच्या, वाळवायच्या, तपासायच्या, मोजून डब्यात ठेवायच्या. सहावीपासून मॅट्रिकपर्यंत हे काम माझ्याकडं होतं. पुढं अठ्ठावीस वर्षं मी कारखान्यात नोकरी केली, पण इतकं कंटाळवाणं काम तिथंही कधी केलं नाही.

आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, सावित्रीच्या वरच्या अंगाला. वर महाबळेश्वरचा डोंगर, खाली पोलादपूर, त्याच्या पुढं महाड. गावाच्या नावात पोलाद असलं तरी घराघरांत पोलादापेक्षा पितळच जास्त. पाऊस इतका, की जून ते सप्टेंबर अंगावरचा कपडा पुरता वाळत नाही. शेती म्हणजे उतारावर नाचणी आणि वरी, अन् ओढ्याकाठी बांध घालून केलेली चार खाचरं. वर्षाचा घास त्या खाचरांवर. भाद्रपद सरता सरता भात पोटरीतून बाहेर येतं, दाण्यात दूध भरतं, आणि त्याच सुमाराला डुकरं उतरतात. डुक्कर खाऊन खातं किती? पण लोळतं, तुडवतं, बांध उकरतं. सकाळी जाऊन बघावं तर खाचरात रेड्यांची झुंज झाल्यासारखं दिसायचं.

त्यासाठी आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, शेतीसंरक्षणाचा परवाना काढून एकनळी बारा बोअरची बंदूक घेतली होती. शहरातल्या वाचकाला हे बारा काय ते ठाऊक नसेल म्हणून सांगतो. त्या नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या ओतल्या की एक पौंड शिसं लागतं, म्हणून बारा बोअर.

आबा फौजेतले. आमच्या भागात त्याचं नवल नाही. महाड तालुक्यातल्या एका गावाला तर लोक फौजी आंबवडे म्हणूनच ओळखतात, तिथं घरटी फौजी. आबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, इटलीपर्यंत जाऊन आलेले. शेजारच्या माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडग्यांना ज्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ती १० जुलै १९४४ ची, त्याच इटलीतली. पण आबांना लढाईचं विचारलं की ते तंबाखू मळायला घेत. बोलत ते बेळगावच्या चांदमारीबद्दल. थ्री नॉट थ्रीच्या गोळ्या मोजून हातात मिळायच्या, आणि सराव संपला की तितकेच खोखे मोजून परत द्यायचे. उडालेल्या पुंगळीला ते फौजेतला शब्द वापरत, खोखा. एक खोखा कमी भरला तर अख्खी तुकडी गुडघ्यावर बसून गवत चाळायची. जेवणाची वेळ टळली तरी उठायचं नाही. "गोळी कुठं गेली त्ये कुनी इचारत न्हाय," आबा म्हणत, "खोखा कुठं गेला त्ये इचारत्यात."

हाच हिशेब त्यांनी घरी आणला. आमच्याकडं चोवीस पितळी पुंगळ्या होत्या. तेवीस नाही, पंचवीस नाही.

पितळीच का, यालाही कारण होतं. खडकीच्या सरकारी कारखान्यातली तयार काडतुसं मिळत, पण त्यांना पैसे पडत, परवान्यावर मिळायची ती ठरावीक, आणि त्या काळी त्यांची नळकांडी कागदी. आमच्या पावसात कागदी काडतूस दमट होऊन फुगतं. फुगलेलं काडतूस बंदुकीत बसत नाही, आणि जोर करून बसवलं तर उडाल्यावर निघत नाही. डुकरं खाचरात आणि काका बंदुकीत अडकलेलं नळकांडं चाकूनं कोरताहेत, हे आम्ही पाहिलेलं आहे. पितळ फुगत नाही. वर ते पुन्हा पुन्हा भरता येतं.

भरायचं काम आबा एकटे करत. दार लावून, चूल विझवून, घरातली सगळी माणसं बाहेर काढून. त्यातलं मला तेव्हा काही दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी ते इथं लिहिलं नसतं. भरायच्या आधीचं सगळं मात्र माझं.

पहिलं काम धुण्याचं, आणि ते त्याच दिवशी. काळ्या दारूची राख पुंगळीच्या आत चिकटून बसते. हवेतलं पाणी ओढून घेते आणि रात्रीत पितळ खायला लागते. म्हणून पहाटे काका राखणीहून आले की मी उठायचं. पुंगळीत गरम पाणी घातलं की नासक्या अंड्यासारखा वास सुटे. आजी म्हणायची, हा वास घेऊन पोरगं शाळेत गेलं तर मास्तर वर्गात घ्यायचा नाही. मास्तर घेत होते, पण बाकावर शेजारी कुणी बसत नसे हे खरं.

मग बुडातली जळकी केप काढायची. आबांनी लोहाराकडून एक टोचा करून आणला होता. त्यानं केप कडेनं उचकटायची. टोचा सटकला तर बोटात, आणि जोर कमी पडला तर केप हलत नाही. एकेका पुंगळीला पाच-सात मिनिटं. निघालेल्या केपासुद्धा मोजून वाटीत.

नंतर घासणं. राख आणि आमसुलाचं पाणी, घरातले तांबे-हंडे ज्यानं घासतो तेच. पण इथं आबांची एक बारीक अट होती. आमसुलाच्या पाण्यात पुंगळी भिजत घालून निघून जायचं नाही. लावायचं, चोळायचं, लगेच धुवायचं. जास्त वेळ ठेवली की पितळाचा पिवळा रंग जाऊन गुलाबी झाक येते. पितळातलं जस्त निघून जातं आणि मागं पोचट तांबं उरतं, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की गुलाबी दिसली की पाठीत धपाटा. आतून घासायला काथ्या गुंडाळलेली काठी. चोवीस पुंगळ्या आतून घासून झाल्या की मनगट दुसऱ्याचं वाटायचं. आमच्याकडं कुणाचं ढोंग उघडकीला आलं की त्याचं पितळ उघडं पडलं म्हणतात. मी पोरसवदा वैतागात मनात म्हणायचो, पितळ उघडं पाडायला एवढी मेहनत लागते हे म्हणणाऱ्याला ठाऊक नसावं.

खरा जीव जायचा तो तपासण्यात. सगळ्या पुंगळ्या वाळल्या की ओसरीवर घोंगडी अंथरून आबा समोर बसत. ते काही करत नसत, नुसते बसत. मी एकेक पुंगळी उजेडाकडं धरायची, आतून बघायची, तोंडावरून नख फिरवायचं. नख कुठं अडलं तर तिथं चीर. मग पुंगळी बोटावर उलटी टांगायची आणि दुसऱ्या पुंगळीनं हलकेच टिचकी मारायची. बाजारात मडकं घेताना बायका वाजवून घेतात तसं. धड पुंगळी खणकन् वाजते आणि आवाज थोडा वेळ राहतो. चीर असली की बद्द. एकदा वाजवून भागत नसे. आबा डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "फिरून." चोवीस पुंगळ्या, प्रत्येक तीनदा. मधे कुणी बोललं, कोंबडं आरवलं, तर ती परत पहिल्यापासून. प्रत्येक पुंगळीच्या काठावर कानसेनं मारलेल्या बारीक खुणा असत, जितक्या वेळा उडाली तितक्या. त्याही मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. बाहेर पोरं ओढ्यात खेकडे धरताहेत आणि मी आपला खण, खण, बद्द.

बद्द वाजलेली पुंगळी आबा स्वतः उचलत आणि पाट्यावर ठेवून वरवंट्यानं चपटी करत. नुसती फेकली तर कुणीतरी उचलून भरेल म्हणून. चोवीसाची भरती मग पुढच्या खेपेला पैसे साठवून.

भावकीतल्या एका काकांनी एकदा सुचवलं, तांबट भांडं ठोकून कडक झालं की तापवून मऊ करतो, तशा तुमच्याही पुंगळ्या आगटीत टाका, चिरा पडायच्या नाहीत. यात तथ्य होतं. दर बाराला पितळ ताणतं आणि कडक होत जातं, कडक झालं की तडकतं. आबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बूड मऊ झालं तर दम कुठून निगंल?" काका गप्प. पुंगळीचं तोंड मऊ झालेलं चालतं, बुडानं मात्र सगळा धक्का सोसायचा असतो. अख्खी पुंगळी आगीत टाकली तर बूडही मऊ पडतं, आणि बूड फाटलं की आग मागं, बार मारणाऱ्याच्या तोंडावर.

आणखी एक नियम होता. त्याला आबा कसलंच कारण देत नसत. पुंगळ्या गोठ्याच्या बाजूला ठेवायच्या नाहीत. आमच्या घराला लागूनच गोठा, त्याच्यावर माळा, आणि पावसाळ्यात घरातली त्यातल्या त्यात कोरडी जागा तीच. सुकी लाकडं, कांदे, गवताचे भारे तिथंच. पण डबा तिथं गेलेला आबांना चालत नसे. एकदा आईनं घर सारवताना तात्पुरता नेऊन ठेवला, तर तिच्यासारख्या सुनेवर कधी आवाज न चढवणारे आबा ओरडले. त्या डब्यातल्या सगळ्या पुंगळ्या मला पुन्हा वाजवायला लावल्या. मी विचारलं का, तर म्हणाले, "आमचा हवालदार सांगायचा. खेचरांच्या तबेल्यापाशी दारूगोळा न्हाय ठेवायचा." का ते हवालदारानंही सांगितलं नव्हतं.

आता ती रात्र. १९६९ चा आश्विन, मी आठवीत. पाऊस लांबला होता, भात उभं होतं आणि डुकरांचा कळप मोठा आला होता. दोन रात्री काकांनी आणि शेजाऱ्यांनी डबे वाजवून, पलिते फिरवून हाकलली. बारही झाले. तिसऱ्या दिवशी मला ताप होता. पहाटेच्या पुंगळ्या मी कशाबशा धुतल्या, घासल्या, पण तपासणं राहिलं. आबांचे डोळे तेव्हा अधू झालेले, कानही माझ्याइतके चालत नव्हते. जवळ तपासलेली, भरलेली काडतुसं पाच होती. रात्री मधल्या प्रहरापर्यंत ती पाचही संपली. काका धावत घरी आले, चिखलानं माखलेले. कळप ओढ्याकडच्या मोठ्या खाचरात शिरला होता. आबांनी चार काडतुसं भरून द्यावीत, एवढंच त्यांचं म्हणणं. दारू होती, छर्रे होते, केपा होत्या, घासलेल्या पुंगळ्या समोर घोंगडीवर होत्या.

आबा म्हणाले, "वाजवल्या न्हाईत."

काकांनी आधी विनवलं, मग ते ओरडले. आजी मधे पडली. घोंगडी पांघरून मी दाराआडून ऐकत होतो. आजी म्हणाली, "पुंगळीची काळजी हाय, पोरांच्या तोंडची न्हाय?" आबांनी उत्तर दिलं नाही. कंदील घेऊन ते स्वतः पुंगळ्या तपासायला बसले, पण नखानं चीर लागते का ते त्यांच्या बोटांना कळेना, आणि आवाज कानाला पुरेना. दोनदा वाजवून त्यांनी पुंगळी खाली ठेवली. मग कंदील बारीक केला. काका डबा आणि काठी घेऊन परत गेले. त्या रात्री मोठं खाचर गेलं. झोडणीच्या वेळी आजीनं हिशेब केला तो सात मण भाताचा. सात मण म्हणजे आमच्या घरात पावसाळ्याच्या तोंडचे दोन महिने. ते दोन महिने आम्ही नाचणीवर आणि उसन्या भातावर काढले, आणि उसनं आणायला आजी जात असे, आबा नव्हे.

दुसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर मी त्या सगळ्या पुंगळ्या तपासल्या. एकूण एक धड निघाल्या. खणखणीत.

आजीनं हे आबांना जन्मभर ऐकवलं. पाहुण्यांसमोर, सणासुदीला, आबा जेवत असताना. "धड व्हत्या सगळ्या." आबा एकदाही म्हणाले नाहीत की आपलं बरोबर होतं, किंवा चुकलं. पुढच्या वर्षी ओसरीवर घोंगडी पडली आणि पहिल्यासारखंच, "फिरून." मला विचाराल तर तेव्हा मी आजीच्या बाजूचा होतो. भूक मला माहीत होती, फाटलेली पुंगळी मी पाहिली नव्हती.

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. डुकरावर बार टाकायचा तर परवानगीची भानगड आली. बंदूक हळूहळू नुसत्या आवाजापुरती राहिली. आबा १९८१ मध्ये गेले, त्याच वर्षी कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. परवाना काकांच्या आणि पुढं माझ्या थोरल्या भावाच्या नावावर आला. पितळी पुंगळ्या भरायचं तंत्र आबांबरोबर गेलं आणि ते गेलं ते बरंच झालं, असं माझं मत आहे. ज्याला वाजवण्याचा धीर नाही त्यानं भरायच्या नादी लागू नये.

मी आयटीआय करून मुंबईत काही वर्षं काढली आणि मग महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात देखभाल विभागात लागलो. तिथं अमोनियावर चालणारं थंडाव्याचं यंत्र होतं. पहिल्याच आठवड्यात एका पाइपाला व्हॉल्व्ह बसवायचा होता, भांडारात लोखंडी नव्हता, मी पितळी घेऊन आलो. तो अजून हातातच होता, तेवढ्यात आमचे वयस्क इंजिनिअर म्हणाले, अमोनियाच्या लाइनवर पितळ कधीच नाही. मी विचारलं का. त्यांनी खुर्ची ओढली आणि जे सांगितलं ते असं.

इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत. कुणी उडवलेली नसत, कुणी आपटलेली नसत. पेटी उघडावी तर पुंगळीला उभी चीर. पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात काडतुसं ठेवत, आणि चिरा पडत त्या तिथंच. ऋतूबरोबर येणारं दुखणं म्हणून इंग्रजांनी त्याला सीझन क्रॅकिंग नाव दिलं. कारणाचा नीट उलगडा १९२१ साली झाला. जनावरांच्या मुतातून अमोनिया सुटतो. पुंगळी तर पितळाची वाटी थंडच ओढत ओढत लांब करून केलेली. त्या ओढण्याचा ताण धातूत तसाच कोंडलेला असतो. दमट हवेत अमोनिया पितळातलं तांबं जागोजाग विरघळवतो, आणि कोंडलेला ताण तिथून वाट काढतो. वरून पुंगळी चकचकीतच असते. उपायही साधा, करतानाच बेताची ऊब देऊन तो ताण काढून टाकायचा.

ते सांगत होते आणि मला आमच्या गोठ्यावरचा माळा दिसत होता. खाली चार बैल, दोन गाई, पावसाळ्याचा कोंदट वास, डोळ्यांना झोंबणारा. इंजिनिअरसाहेबांनी विचारलं, कळलं का. मी म्हटलं, आमच्याकडं तबेल्यापाशी दारूगोळा ठेवत नाहीत. ते हसले, त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

त्या दिवशी घरी गेल्यावर आजीला हे सांगावं असं फार वाटलं. ती तेव्हा होती, ओसरीवर बसून तांदूळ निवडत होती. मी अमोनिया, तबेला, इंग्रज सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. म्हणाली, "ही चिरंची गोष्ट झाली. माज्या भाताचं काय?" त्यावर माझ्यापाशी काही नव्हतं. त्या रात्री पुंगळ्या तडकलेल्या नव्हत्या, हे तिचंही खरंच होतं. सूपभर तांदळात तिला एक खडा सापडला, तो तिनं अंगणात फेकला आणि पुन्हा निवडायला लागली.

आता वाडीत राखणीला माणूस नाही. पोरं मुंबई, सुरत, पुण्याला. वरची खाचरं पडीक, त्यांत झुडपं वाढली आणि डुकरं त्यांत दिवसासुद्धा बसतात. निवडणूक लागली की भाऊ बंदूक पोलीस ठाण्यात जमा करतो, पावती घेतो, निकालानंतर परत आणतो. एवढाच काय तो तिचा प्रवास. दर खंडेनवमीला मात्र ती पुसून, हळदकुंकू लावून पाटावर ठेवतात, सोबत कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आणि पुंगळ्यांचा डबा.

मागच्या खंडेनवमीला पुंगळ्या वहिनींनी घासल्या, पितांबरीनं. राख आणि आमसूल आता कोण वापरतंय. घासता घासता म्हणाल्या, "भावोजी, एवढ्या चकचकीत करून दाखवायच्यात कुणाला?" मी काही न बोलता ओसरीवर बसलो आणि एकेक बोटावर टांगून वाजवली. कान आता माझेही आबांसारखेच झालेत, म्हणून नातीला शेजारी बसवलं होतं. दहा पुंगळ्या होत्या. तिसऱ्या फेरीला तिचा चेहरा मला ओळखीचा वाटायला लागला, जांभई आवरणारा. नऊ वाजल्या, एक बद्द. मी वरवंटा मागितला, तर वहिनी म्हणाल्या, ठोकू नका, उदबत्ती खोचायला बरी आहे. ती आता देव्हाऱ्यात आहे. वहीत मी नऊ लिहिलं.